आधी समेट, मग अर्पण

रविवारी सकाळी चर्चला निघताना आवाज चढला नाही असं घर विरळाच. धाकट्याचा एक बूट सापडत नाही, इस्त्री केलेला शर्ट जागेवर नसतो, नवरा स्कूटर सुरू करून बाहेर हॉर्न देत राहतो आणि आतून बायको म्हणते, "एवढी घाई होती तर पोरांच्या अंघोळी तरी उरकायच्या होत्यास." वाटेत दोघं एक अक्षर बोलत नाहीत. चर्चमध्ये एकाच बाकावर बसतात, एकाच पुस्तकातून गातात, शांती देण्याची वेळ आली की पुढच्या-मागच्यांना हसून हात जोडतात आणि एकमेकांकडे न पाहताच मान हलवतात. घरी आल्यावर अबोला पुढे चालू.

डोंगरावरील प्रवचनात येशूने नेमक्या अशा वेळेसाठी सूचना देऊन ठेवली आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातली २३ आणि २४ ही वचनं काढून पाहा. आशय असा, की अर्पण घेऊन वेदीपाशी आलात आणि तिथे आठवलं की आपल्या माणसाच्या मनात आपल्याविषयी काही सल आहे, तर अर्पण तिथेच ठेवायचं, आधी जाऊन समेट करायचा आणि मग परत येऊन अर्पण वाहायचं. हे ऐकणारे बरेच जण गालीलातले होते. त्यांची वेदी यरुशलेमच्या मंदिरात, म्हणजे पायी तीन-चार दिवसांच्या वाटेवर. घरी परतून, समेट करून पुन्हा यायचं म्हणजे आठवडा मोडला. तरी येशू म्हणतो, आधी तेच करा. आपल्याला तर बाकावर हातभर सरकायचं असतं.

त्या वचनांत चूक कुणाची हा प्रश्न विचारलेलाच नाही. मला कुणाचा राग आला आहे, हेही तपासायला सांगितलेलं नाही. समोरच्याच्या मनात माझ्याविषयी काय आहे, ते आठवायला सांगितलं आहे. संसारात आपण बहुतेक वेळा उलट करतो. आपल्याला लागलेलं बोलणं वर्षानुवर्षं लक्षात राहतं आणि आपलं बोलणं दुसऱ्याला कुठे लागलं, ते संध्याकाळपर्यंत विसरलं जातं.

नवरा-बायकोतला समेट हा उपासनेचाच भाग आहे, आणि इथून पुढच्या सगळ्या सूचना याच एका गोष्टीतून निघतात. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, सातव्या वचनात, नवऱ्यांना बजावलेलं आहे की बायकोला मान द्या, जीवनाच्या कृपेची ती तुमच्याबरोबरीची वारस आहे, नाहीतर तुमच्या प्रार्थनांनाच अडथळा येईल. घरात बायकोचा पाणउतारा करून चर्चमध्ये पुढे होऊन प्रार्थना चालवणाऱ्या प्रत्येक पुरुषाने हे वचन रोज एकदा वाचावं, असं मला कळकळीने वाटतं.

कॅथलिक वाचकांना आणखी एक आठवण करून देते. आपल्या परंपरेत विवाह हा संस्कार आहे आणि तो एकमेकांना देणारे वधू-वर स्वतः असतात. धर्मगुरू ख्रिस्तसभेच्या वतीने साक्षीदार म्हणून उभे राहतात आणि आशीर्वाद देतात. बाप्तिस्मा फादर देतात, मिस्सा फादर अर्पण करतात, पण हा एक संस्कार तुम्ही दोघांनी एकमेकांना दिलेला आहे. त्यामुळे तो जपण्याचं कामही फादरांवर सोपवता येत नाही. प्रॉटेस्टंट मंडळ्या विवाहाला संस्कार म्हणत नाहीत, पण देवासमोर केलेला करार तर मानतातच, आणि करार पाळायचा तो रोजच.

राग, रात्र आणि माफी

सूर्य मावळेपर्यंत राग धरून ठेवू नका, असं पौल इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात सांगतो. हा सल्ला सोन्यासारखा आहे, पण काही जोडपी तो चुकीच्या तऱ्हेने अमलात आणतात. चर्चगेटहून विरार लोकलने लोंबकळत रात्री साडेनऊला घरी आलेल्या माणसासमोर अकरा वाजता सगळा हिशेब मांडायचा आणि आज निकाल लागल्याशिवाय झोपायचं नाही, असा हट्ट धरायचा. दमलेली माणसं रात्री निकाल लावत नाहीत, जखमा करतात. पौलाने राग खाली ठेवायला सांगितलं आहे, त्याच रात्री वाद जिंकायला सांगितलेलं नाही. म्हणून झोपण्याआधी एवढंच म्हणावं: "मला अजून वाईट वाटतंय, पण आपण उद्या बोलू. सकाळचा चहा दोघं मिळून घेऊ." आणि दुसऱ्या दिवशी खरोखर बोलावं. उद्याचा विषय परवावर गेला की राग मुरतो, आणि मुरलेला राग पुढच्या भांडणात वेगळ्याच नावाने बाहेर येतो. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून झालेलं भांडण पुष्कळदा गेल्या महिन्यात सासरच्या माणसांसमोर झालेल्या अपमानाचं असतं.

माफी मागण्याची रीत शिकावी लागते. 'माझं काही चुकलं असेल तर माफ कर' ही माफी नव्हे, कारण तिच्यात चूक कबूलच केलेली नाही. 'माफ कर, पण तूही तर...' यातली माफी 'पण'पाशी संपते. नीट माफी मागायची तर आपण काय केलं त्याचं नाव घ्यावं: "काल तुझ्या बहिणीसमोर तुझ्या पगाराबद्दल बोललो, ते मी चुकीचं केलं. तुला कमीपणा आला. मला माफ कर." मग गप्प राहावं. लगेच 'बरं, जाऊ दे' असं उत्तर मिळालंच पाहिजे, अशी अपेक्षा ठेवू नये. दुसऱ्याला सावरायला दोन दिवस लागले तर ते दोन दिवस धीर धरणं हा आपल्या पश्चात्तापाचा भाग आहे.

इथे एक पळवाट बुजवायला हवी. काही कॅथलिक पुरुष फादरांकडे पापनिवेदन करून येतात आणि विषय संपला असं समजतात. काही प्रॉटेस्टंट घरांत 'मी प्रभूपाशी कबूल केलं आहे' असं म्हटलं जातं. लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्र घरी परततो, तेव्हा आपण स्वर्गाविरुद्ध आणि बापासमोरही पाप केलं, असं दोन्ही म्हणतो. बापाला वगळून त्याने परस्पर देवाशी मिटवून घेतलं नाही. बायकोचं मन दुखावलं असेल तर बायकोकडेच जावं लागतं.

वचनं आणि प्रार्थना हत्यार होतात तेव्हा

याविषयी आपल्याकडे फारच कमी बोललं जातं, म्हणून जरा थांबून लिहिते. संध्याकाळी सगळे आल्तारासमोर बसले आहेत, माळ संपली आहे, आणि आई मोठ्याने प्रार्थना करते: "प्रभू, या घरातल्या पुरुषांना सुबुद्धी दे, त्यांना जबाबदारीची जाणीव दे." नवऱ्याला कळतं की हे देवाला सांगितलेलं नाही. मुलांनाही कळतं. किंवा कौटुंबिक उपासनेत नवरा नेमका नीतिसूत्रांतल्या भांडखोर बायकोवरचा भाग वाचायला काढतो. देवाला मध्ये घालून जोडीदाराला दिलेली ही चपराक आहे, आणि ती फार खोल लागते, कारण तिला उलट उत्तर देता येत नाही. प्रार्थनेला उलट उत्तर कोण देणार? अशा घरांतली मुलं मोठी झाली की कुटुंबाच्या प्रार्थनेपासून दूर पळतात आणि आईवडिलांना कारण कळत नाही.

म्हणून दोघांनी मिळून एक नियम करावा. मोठ्याने केलेल्या प्रार्थनेत जोडीदारासाठी फक्त आभार मानायचे आणि त्याच्या चिंता देवापुढे ठेवायच्या: तिचं गुडघ्याचं दुखणं, त्याच्या कंपनीतली कपात. त्याच्या दोषांबद्दलची प्रार्थना एकांतात करायची. आणि त्याविषयी त्याच्याशी बोलायचं असेल तर प्रार्थनेत नव्हे, समोरासमोर बसून बोलायचं.

पवित्र शास्त्राच्या वचनांचंही तसंच. आपल्या समाजात सगळ्यात जास्त फेकून मारली जाणारी वचनं म्हणजे इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातली, पत्नीने पतीच्या अधीन राहण्याविषयीची. हा भाग नेहमी बाविसाव्या वचनापासून वाचायला सुरुवात होते. एक वचन आधीपासून वाचा. एकविसाव्या वचनात पौल सगळ्यांनाच ख्रिस्ताच्या आदरापोटी एकमेकांच्या अधीन व्हायला सांगतो, आणि पुढचं सगळं त्या छायेत येतं. बायकांना तो जे सांगतो ते दोन-तीन वचनांत आटोपतं. नवऱ्यांना सांगायला मात्र त्याला त्याच्या तिप्पट जागा लागते, आणि त्यांच्यासमोर तो ठेवतो ते माप म्हणजे मंडळीसाठी जीव देणारा ख्रिस्त. ज्याला हे वचन बायकोला ऐकवायचं आहे, त्याने आधी क्रूसापर्यंत चालून दाखवावं. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली विवाह आणि कुटुंबावर लिहिलेल्या 'अमोरिस लेतित्सिया' या प्रबोधनपत्रातही या उताऱ्याच्या आधारे बायकोवर हुकूमत गाजवण्याला जागा नाही, हे स्पष्ट केलं आहे. त्या पत्राचा चौथा अध्याय जोडप्यांनी जरूर मिळवून वाचावा. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायातलं प्रेमाचं वर्णन घेऊन, त्यातला एकेक गुण घरात कसा दिसतो, हे पोपनी तिथे उलगडलं आहे. हा तेरावा अध्याय आपण लग्नात वाचतो खरा, पण पौलाने तो लिहिला होता गटबाजीने फुटलेल्या, एकमेकांना कोर्टात खेचणाऱ्या मंडळीला. भांडण झालेल्या आठवड्यात तो वाचला की जास्त कळतो.

साधा नियम असा: ज्या वचनात आज्ञा मला आहे, ते मी वाचायचं. ज्या वचनात आज्ञा दुसऱ्याला आहे, ते त्याचं त्याला वाचू द्यायचं.

रोजची वीस मिनिटं

'मॅरेज एन्काउंटर' या शिबिराविषयी अनेकांनी ऐकलं असेल. फादर गाब्रिएल काल्वो या स्पॅनिश धर्मगुरूंनी सुरू केलेल्या या चळवळीचं पहिलं शिबिर १९६२ साली बार्सिलोनात झालं. पुढे ती जगभर पसरली आणि भारतातही ही शिबिरं होतात. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार, असं हे शिबिर असतं. त्यातली एक पद्धत शिबिराला न जाताही घरी वापरता येते. दोघांनी एक प्रश्न ठरवायचा, प्रत्येकाने आपापल्या वहीत दहा मिनिटं उत्तर लिहायचं, वह्या बदलून वाचायच्या आणि मग दहा मिनिटं बोलायचं. प्रश्न भावनेचा असावा. 'आईला आपल्याकडे आणायचं का?' हा निर्णयाचा प्रश्न झाला. 'आईला आणण्याचा विचार आला की मला काय वाटतं?' हा भावनेचा. निर्णयावर वाद घालता येतो. समोरच्याला भीती वाटते यावर वाद घालण्यात अर्थ नसतो, ती फक्त ऐकायची असते.

लिहिण्याचा फायदा कमी बोलणाऱ्या नवऱ्यांना जास्त होतो. आपल्याकडे पुष्कळ पुरुष 'काय झालं?' या प्रश्नाला 'काही नाही' याखेरीज उत्तर देत नाहीत, कारण लहानपणापासून त्यांना कुणी तसं बोलायला शिकवलेलंच नाही. वहीत मात्र ते दोन ओळी लिहितात. रोज जमत नसेल तर आठवड्यातून दोनदा करा. नवरा जहाजावर किंवा आखातात असेल तर वहीच्या जागी मोबाइल चालेल, पण आवाजी संदेशापेक्षा लिहिलेलं बरं. लिहिताना माणूस शब्द निवडतो.

वाचून झाल्यावर एकच वाक्य आधी म्हणायचं: "म्हणजे तुला असं असं वाटलं, बरोबर?" तिने 'हो' म्हणेपर्यंत आपलं मत सांगायचं नाही. हे वाटतं तितकं सोपं नाही.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातल्या एलकाना आणि हन्ना यांची गोष्ट या दृष्टीने वाचावी. मूल नाही म्हणून हन्ना रडते, जेवत नाही. एलकानाचं तिच्यावर मनापासून प्रेम आहे. तो तिला विचारतो की का रडतेस, मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का? हेतू चांगला होता, पण त्या प्रश्नात तिचं दुःख बाजूला राहिलं आणि तो स्वतः मध्ये आला. मूल नसलेल्या, गर्भपाताचं दुःख सोसलेल्या कितीतरी बायका हेच सांगतात: समजूत सगळ्यांनी घातली, ऐकलं कुणी नाही. अशा वेळी 'देवाची इच्छा' हे शब्दसुद्धा लवकर काढू नयेत. शेजारी बसावं आणि ती बोलेल ते ऐकावं.

दोघांची प्रार्थना

मुलांसह होणारी कुटुंबाची प्रार्थना वेगळी आणि दोघांची वेगळी. वसईच्या जुन्या घरांत संध्याकाळची माळ अजून टिकून आहे, ऑक्टोबरात तर आळीआळीत चालते. प्रॉटेस्टंट घरांत शास्त्रवाचन आणि गीत असतं. ते चालू राहावंच. पण दोघांनी एकमेकांसमोर मनातली प्रार्थना मोठ्याने करणं, हे लग्नाला वीस वर्षं झालेल्यांनाही अवघड जातं, लाज वाटते. त्यामुळे सुरुवात अगदी थोडक्यात करावी. शनिवारी रात्री मुलं झोपल्यावर दुसऱ्या दिवशीच्या उपासनेतला शुभवर्तमानाचा उतारा एकाने सावकाश वाचावा. दोन मिनिटं गप्प बसावं. मग प्रत्येकाने त्यातलं जे मनाला भिडलं ते एका वाक्यात सांगावं आणि दुसऱ्यासाठी एका वाक्यात प्रार्थना करावी. शेवटी प्रभूची प्रार्थना. तिच्यात आपण दुसऱ्यांना क्षमा करतो तशीच आपल्याला मिळावी, असं मागणं असल्यामुळे शनिवारपर्यंत साचलेलं काही असेल तर ते तिथे अडकतं. अडकलं की थांबावं आणि बोलावं. रविवारच्या सकाळच्या निम्म्या कटकटी शनिवारी रात्रीच मिटतात. आणि हो, मुलांचे बूटही तेव्हाच शोधून ठेवावेत.

एक कॅथलिक आणि एक प्रॉटेस्टंट अशी जोडपी आता अहिल्यानगर, पुणे, मुंबईत पुष्कळ दिसतात. एकाला मरियेची माळ हवी असते, दुसऱ्याला ती खटकते. अशा घरांत जे सामाईक आहे तेच दोघांच्या प्रार्थनेत घ्यावं: स्तोत्रसंहिता, शुभवर्तमान, प्रभूची प्रार्थना. ज्याचं जे वेगळं आहे ते त्याने आपल्या वेळात, चिडवाचिडवीशिवाय करावं.

एकत्र प्रार्थनेसारखाच लाजेने टाळला जाणारा विषय म्हणजे शरीरसुख. त्याबद्दल थोडं. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल म्हणतो की बायकोच्या शरीरावर नवऱ्याचा हक्क आहे, आणि त्याच दमात नवऱ्याच्या शरीरावर बायकोचा हक्क आहे, असंही म्हणतो. त्या काळच्या रोमन जगात हा दुसरा भाग धक्कादायक होता. काही काळ वेगळं राहायचं असेल तर तेही दोघांच्या संमतीने, असं तो पुढे लिहितो. संमती हा शब्द लग्नाच्या दिवशी संपत नाही. बायको दमली आहे, आजारी आहे, मनाने तयार नाही, तर थांबणं हा विश्वासाचाच भाग आहे. आणि महिनोन्महिने कारण न सांगता पाठ फिरवून झोपणं हीसुद्धा न बोललेली एक तक्रार असते. ती वहीत यायला हवी.

कामं आणि पैसा

प्रभूभोजनाच्या रात्री येशूने कमरेला टॉवेल बांधून शिष्यांचे पाय धुतले. घरच्या नोकराचं काम त्याने केलं. पवित्र गुरुवारी हा विधी आपण चर्चमध्ये डोळे भरून पाहतो. घरी आल्यावर बेसिनमध्ये भांडी तशीच असतात. दोघं नोकरी करत असतील तर घरकाम ही बायकोला केलेली 'मदत' राहत नाही. ते दोघांचं काम आहे. कोणतं काम कुणाचं, हे सांगून ठरवावं. 'मला सांगितलं असतंस तर केलं असतं' हे वाक्य घरातून हद्दपार करावं, कारण सांगण्याचं कामही मग तिच्याच माथी येतं. प्रेषितांच्या कृत्यांत अक्विला आणि प्रिस्किल्ला हे जोडपं येतं. दोघं मिळून तंबूंचा धंदा करत, पौलाला त्यांनी घरात ठेवून घेतलं आणि पुढे मंडळी त्यांच्या घरी जमू लागली. काही ठिकाणी तर प्रिस्किल्लेचं नाव आधी येतं.

त्याच पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात हनन्या आणि सप्पीरा हे दुसरं जोडपंही आहे. जमीन विकल्याच्या पैशांतला वाटा लपवून, सगळं दिलं असं त्यांनी संगनमताने सांगितलं. संसारात पैशाची लपवाछपवी बहुतेक वेळा एकमेकांपासून होते. मित्राला दिलेले उसने, माहेरी पाठवलेले, क्रेडिट कार्डाचा हप्ता, ऑनलाइन लॉटरी. रक्कम किती, यापेक्षा ती लपवली, याने विश्वास जास्त तुटतो. महिन्यातून एकदा, पगार झाल्याच्या आठवड्यात, कर्ज, विमा, फी, देणगी आणि सासर-माहेर दोन्हीकडे द्यायचे पैसे दोघांनी समोरासमोर बसून लिहून काढावेत. प्रत्येकाला हिशेब न देता खर्च करता येईल अशी थोडी रक्कमही ठेवावी. ती ठेवली नाही की लपवणं सुरू होतं.

लग्नाच्या खर्चाबद्दल मी कडकच बोलते. हॉल, बँड, चार-चार दिवसांचे कार्यक्रम, हजार माणसांची पंगत, आणि त्यासाठी काढलेलं कर्ज. नव्या जोडप्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली कितीतरी भांडणं या हप्त्यांवरून होतात. लग्न ठरलेल्या मुलामुलींनी आईवडिलांना स्पष्ट, पण नम्रपणे सांगावं: मिस्सा आणि साधं जेवण पुरे.

सासू-सासऱ्यांविषयी एकच गोष्ट सांगते. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आईवडिलांना सोडण्याची गोष्ट पुरुषाबद्दल आहे. सोडायचं म्हणजे टाकायचं नव्हे, आज्ञांमध्ये आईवडिलांचा मान आहेच. पण बायकोबद्दलची तक्रार आईजवळ करणारा मुलगा अजून घर सोडून निघालेला नाही. आणि लग्नात आवडीने वाचला जाणारा, तुझे लोक ते माझे लोक असं सांगणारा रूथचा उतारा तिने नवऱ्याला उद्देशून म्हटलेला नाही. तो तिने नामी या आपल्या सासूला उद्देशून म्हटला आहे. सुनांनी आणि सासवांनीही तो एकत्र वाचावा.

जिथे सहन करणं थांबवायचं

'हा तुझा क्रूस आहे, तो वाहा.' मार खाणाऱ्या बाईला हे सांगणारे नातेवाईक, शेजारी, कधीकधी पाळकही भेटतात. येशूने आपला क्रूस स्वतः स्वीकारला. दुसऱ्याच्या हातून होणाऱ्या हिंसेला क्रूस म्हणून बाईच्या खांद्यावर ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही. कॅथलिक धर्मसभेच्या कायद्यातही जोडीदारापासून शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं राहण्याची मुभा स्पष्ट दिलेली आहे. देशाच्या कायद्यात २००५चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा आहे. त्यानुसार बाईला संरक्षणाचा आदेश, घरात राहण्याचा हक्क आणि खर्चासाठी पैसे मागता येतात. तालुक्या-जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात. १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे आणि तातडीची वेळ असेल तर ११२. आधी सुरक्षित जागी जावं, मग क्षमेचा विचार करावा. क्षमा केली म्हणजे त्याच खोलीत परत गेलंच पाहिजे, असं नाही.

दारूचं दुखणं आपल्या समाजात जुनं आहे आणि ते लपवण्याची सवय त्याहून जुनी. बायको नवऱ्याच्या ऑफिसात 'ताप आलाय' असा फोन करते, दुकानदाराची उधारी फेडते, आणि हे प्रेम समजते. व्यसन हा आजार आहे, आणि तो असा झाकून वाढतो. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा कित्येक चर्चच्या आवारातच होतात. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन आहे. पुण्याचं मुक्तांगण १९८६पासून हे काम करतं आहे. प्रार्थना करावीच, पण ती उपचाराच्या जागी नको.

एकाचा विश्वास वेगळा असेल तर

पौलाच्या काळापासून हा प्रश्न आहे. विश्वास नसलेला जोडीदार तुमच्यासोबत राहायला राजी असेल तर त्याला सोडू नका, असं तो करिंथकरांना लिहितो. आपल्या मराठीत तर या प्रश्नाची एक जिवंत कहाणी आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. पुढची काही वर्षं दोघं वेगळी राहिली. नंतर एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाई लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्यांचं सोवळंओवळं त्यांच्या स्वतःच्या विचाराने गळून पडलं आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र वाचा. टिळकांचा संताप, त्यांचं सैल हाताने देऊन टाकणं, घरातली ओढाताण, काहीच लक्ष्मीबाईंनी झाकून ठेवलेलं नाही, आणि तरी त्या पुस्तकाच्या पानापानात नवऱ्याविषयीची माया आहे. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य पुढे लक्ष्मीबाईंनीच पुरं केलं. ढकलून नेलेली बाई असं काम हाती घेत नाही.

आज ज्यांचा जोडीदार हिंदू, बौद्ध किंवा मुस्लिम आहे, त्यांनी त्याला सुधारायचा प्रकल्प समजू नये. कॅथलिक व्यक्तीला अशा लग्नासाठी बिशपांची परवानगी घ्यावी लागते आणि मुलांना बाप्तिस्मा देण्यासाठी शक्य ते सगळं करण्याचं वचन द्यावं लागतं. या वचनाची माहिती दुसऱ्याला आधीच देणं चर्चला अपेक्षित असतं. ती लग्नाआधी, नीट बसून, त्याच्या आईवडिलांनाही कळेल अशी द्यावी. पाळण्याच्या दिवशी हा विषय पहिल्यांदा निघाला तर दोन्ही घरं दुखावतात. त्याच्या घरच्या गणपतीत तुम्ही कुठवर सहभागी व्हाल आणि नाताळात ते कुठवर, हेही आधीच सांगून टाकावं. माणसं स्पष्ट नकार समजून घेतात, आयत्या वेळचा नकार त्यांना अपमान वाटतो.

आजारपणात

लग्नाच्या दिवशी आजारात आणि आरोग्यातही साथ देण्याचं वचन सगळेच देतात. पंचविशीत त्यातला आजार दिसत नाही. पक्षाघात झालेल्या नवऱ्याची कूस बदलणारी, स्मरणशक्ती गेलेल्या बायकोला रोज पुन्हा आपलं नाव सांगणारा, ही माणसं आपल्या प्रत्येक चर्चमध्ये आहेत. महिनोन्महिने ती रविवारी दिसत नाहीत आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. सेवा करणाऱ्याला राग येतो, कंटाळा येतो, कधी 'हे संपू दे' असंही मनात येतं. त्याने स्वतःला पापी समजू नये. कुणाजवळ तरी ते बोलावं आणि आठवड्यातून निदान एक दुपार दुसऱ्या कुणालातरी घरी बसवून बाहेर पडावं. मुलं परदेशी असतील तर मंडळीतल्या दोन-तीन घरांनी ही पाळी वाटून घ्यायला हवी. पाळकांनी यासाठी नावं घेऊन विचारावं. नुसती सर्वसाधारण विनंती केली तर कुणी पुढे येत नाही.

कॅथलिक धर्मग्रामांत महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना घरी ख्रिस्तशरीर नेऊन देण्याची पद्धत आहे. आजाऱ्याचं नाव धर्मग्रामाच्या कार्यालयात नोंदवताना सेवा करणाऱ्या जोडीदाराचंही नाव द्या, कारण मिस्सेला जाणं त्यालाही जमत नसतं, आणि येणाऱ्या फादर-सिस्टरना दोघांसाठी आणायला आधीच सांगून ठेवा.